न दुखणारं दुखणं



हा अंक घरकामगार स्त्रियांच्या पेन्शनच्या प्रश्नावर काढायचा, असं आपल्या बैठकीत ठरलं होतं. त्याप्रमाणे लेख आले आहेत, ते पुढच्या पानांवर आहेत. संपादकीयही त्याच विषयावर लिहायला बसले होते. दोन पानं लिहून झाली आणि फाडली. ज्या मैत्रिणीनं या मागणीसाठी वस्त्यावस्त्यांतून अर्ज भरून घेतले, तिला आज स्वतःच्या अर्जावर सही करता येत नाही. आणि त्यात थोडा वाटा माझा आहे. ते आधी सांगितल्याशिवाय दुसरं काही लिहिणं मला जमेना.

तिचं नाव लिहीत नाही. लिहू का, असं विचारलं तर ‘हो’ म्हणण्याइतकी वाचा तिला अजून परत आलेली नाही. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी नळावर पाणी भरता भरता ती कोसळली. वय बावन्न. इस्पितळात पोचेपर्यंत दुपार झाली. मेंदूच्या डाव्या भागातली एक बारीक रक्तवाहिनी फुटली होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. मोर्चात हिच्या आवाजाशिवाय आपली घोषणा कधी सुरू झाली नव्हती, हे तुमच्यातल्या अनेकींना आठवत असेल.

त्याआधी चार वर्षं दवाखान्यात तिचं ब्लड प्रेशर मोजलं गेलं होतं. १७८ वर १०४. गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात डोकेदुखी थांबली. मग एक दिवस ऑफिसात येऊन तिनं मला विचारलं, “ताई, डोकं तर आता दुखत नाही. तरी या गोळ्या घेतच राहायच्या का? म्हणतात एकदा लागल्या की मरेपर्यंत सुटत नाहीत.” मी मुद्रितं तपासत होते. मान वर न करताच म्हटलं, “अगं, कंपन्यांना तेच तर हवं असतं. मीठ कमी कर, जरा विश्रांती घे, मग बघू.”

मी डॉक्टर नाही. पण केसपेपरवरून नजर न उचलणाऱ्या डॉक्टरपेक्षा तिचा माझ्यावर विश्वास जास्त होता. तिनं गोळ्या बंद केल्या. मीठ किती कमी झालं ठाऊक नाही. विश्रांती तर पाच घरची कामं करणाऱ्या बाईला कुठून मिळणार होती?

ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज का आलं, याचा मी गेले काही महिने विचार करते आहे. ते आकाशातून पडलेलं नव्हतं. आपल्यातल्या माझ्या वयाच्या बायका औषधांविरुद्ध लढतच चळवळीत वाढल्या. गर्भ आहे की नाही हे पाहण्यासाठी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जबर मात्रेच्या गोळ्या सर्रास दिल्या जात होत्या, त्यांवर बंदी यावी म्हणून ऐंशीच्या दशकात मोहीम झाली. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्या बायकांना पुरेशी कल्पना न देता चालल्या होत्या. त्याविरुद्ध १९८६ मध्ये हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि दिल्लीची सहेली सुप्रीम कोर्टात गेल्या. पाळी जाण्याच्या वयात ‘हृदयाचं रक्षण’ म्हणून हॉर्मोनच्या गोळ्या देण्याची पद्धत श्रीमंत देशांत वर्षानुवर्षं चालली होती. २००२ मध्ये अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवरची मोठी चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या त्या गोळ्यांनी हृदयाचं रक्षण तर झालं नव्हतंच. उलट हृदयविकाराचा झटका, लकवा आणि स्तनाचा कर्करोग यांचं प्रमाण वाढलं होतं. आपला संशय खरा ठरला होता.

संशयाबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. पण त्या सगळ्या लढ्यांमध्ये आपण संशयापाशी थांबत नव्हतो, प्रश्न विचारत होतो. औषध तपासलं कुणावर? नफा कुणाचा? बाईच्या शरीरात ते काय करतं आणि ते तिला कुणी सांगतं का? आणि नको वाटलं तर थांबवणं तिच्या हातात आहे का? हे चार प्रश्न मी शिबिरांमध्ये फळ्यावर किती वेळा लिहिले असतील! माझ्या मैत्रिणीनं गोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा मात्र मी त्यांतला एकही विचारला नाही. उत्तर आधीच तयार होतं. आता उशिरा का होईना, ते प्रश्न प्रेशरच्या गोळीला विचारून पाहू.

त्याआधी प्रेशर म्हणजे काय, एवढं समजून घेऊ. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि रक्त ढकलतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर त्याचा जो दाब पडतो तो आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त असं माप वेगवेगळ्या दिवशी येत राहिलं, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. या दाबानं सहसा काहीही दुखत नाही. वर्षानुवर्षं जादा मार खाऊन रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, भिंती जाड आणि ताठर होतात, बारीक वाहिन्या कुठे बुजतात, कुठे फुटतात. मेंदूत असं झालं की लकवा. मूत्रपिंडात झालं की ते हळूहळू निकामी होत जातं. डोळ्याच्या पडद्यावर झालं की नजर जाते. आणि हृदय स्वतः? विहिरीचं पाणी ओढून ओढून बाईचे दंड भरतात, तसं दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचं डावं दालन जाड होतं. दंड जाड झाले तर बिघडत नाही. हृदय जाड झालं की आधी ते ताठर होतं आणि मग थकतं. जिना चढताना लागणारी धाप ‘वयामुळे’ म्हणून आपण सोडून देतो, ती कधी कधी या थकलेल्या हृदयाची असते.

आता पहिला प्रश्न, तपासलं कुणावर? १९६७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांमधून एक चाचणी प्रसिद्ध झाली. खूप जास्त दाब असलेल्या १४३ जणांपैकी ७३ जणांना खऱ्या गोळ्या दिल्या, ७० जणांना खोट्या. खोट्या गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर काहीतरी झालं. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत दोघांना. हा फरक इतका मोठा होता की गोळ्यांनी फायदा होतो की नाही हा वाद त्या पातळीच्या दाबापुरता मिटलाच. पण ते १४३ च्या १४३ पुरुष होते. बाईचं हृदय त्या वेळी संशोधकांच्या हिशेबातच नव्हतं. १९६७ मध्ये थांबले असते तर माझा संशय योग्य ठरला असता.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. १९९१ मध्ये ‘शेप’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. साठीच्या पुढची ४,७३६ माणसं, त्यांत निम्म्याहून अधिक बायका. सगळ्यांचा फक्त वरचा आकडा वाढलेला. ‘वयानुसार एवढं असायचंच’ म्हणून त्या काळी डॉक्टर सोडून देत तसाच. मुख्य औषध होतं क्लोरथॅलिडोन, शरीरातलं जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढणारी एक जुनी, साधी गोळी. पाच वर्षांत खोटी गोळी घेणाऱ्या दर १०० जणांत सुमारे ८ जणांना लकव्याचा झटका आला, खरी गोळी घेणाऱ्यांत सुमारे ५ जणांना. हृदय थकून निकामी होण्याचं प्रमाण तर जवळजवळ निम्म्यावर आलं. पुढे २००८ मध्ये ऐंशीच्या पुढच्या माणसांवरची ‘हायवेट’ ही चाचणी आली, तिच्यातही बायका जास्त होत्या, आणि तिथेही गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. २०१६ मध्ये अशा अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. वरचा आकडा दहानं खाली आणला की लकवा सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो, हृदय निकामी होणं २८ टक्क्यांनी, हृदयविकार १७ टक्क्यांनी.

‘शेप’चे आकडे वाचताना माझ्यातली जुनी कार्यकर्ती लगेच हिशेब करू लागली. म्हणजे १०० पैकी ९२ जणांना गोळीशिवायही त्या पाच वर्षांत लकवा झालाच नसता, आणि पाच जणांना गोळी घेऊनही झाला. मग तिघांसाठी शंभर जणांनी रोज गोळी घ्यायची? हा प्रश्न वावगा नाही, आणि डॉक्टरांनी तो बायकांसमोर उघड मांडायला हवा. पण त्या तिघी कोण, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. शिवाय लकवा एका बाईला होत नाही. आमच्या मैत्रिणीच्या घरात तिच्या धाकट्या मुलीचं कॉलेज सुटलं. सुनेनं दोन कामं सोडली. नवऱ्याला झटका आला असता तर तिनंच त्याचं हगणंमुतणं काढलं असतं आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नसतं. तिला झटका आल्यावर घरातल्या पुरुषांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘आता हिचं करणार कोण?’ हा. वस्तीतल्या शंभर जणींमागे असे तीन संसार कोसळायचे वाचणार असतील, तर तो आकडा मला आता लहान वाटत नाही.

दुसरा प्रश्न नफ्याचा. इथे तर मला माझीच लाज वाटली. मीठ-पाणी काढणाऱ्या या गोळ्या १९६० च्या आसपासच्या. ॲम्लोडिपिन नव्वदच्या दशकात आपल्याकडे रुळली आणि आज ती देशातल्या कितीतरी कंपन्या बनवतात. साध्या नावानं घेतली तर महिन्याचा खर्च एका दिवसाच्या भाजीपेक्षा कमी, सरकारी दवाखान्यात फुकट. २००२ मध्ये ‘ऑलहॅट’ नावाच्या, ३३ हजारांवर माणसांच्या चाचणीत जुनी स्वस्त क्लोरथॅलिडोन आणि नवी महाग औषधं समोरासमोर ठेवली गेली. हृदयविकाराचे झटके टाळण्यात महाग औषधं सरस ठरली नाहीत. ज्या गोळीत फारसा नफा उरलेला नाही तिच्याकडे मी ‘कंपन्यांचा डाव’ म्हणून पाठ फिरवली. कंपन्यांचा डाव असतो तो वेगळ्या जागी: खासगी दवाखान्यातून त्याच औषधाचं महाग नाव, दोन-तीन औषधं एकत्र केलेली चकचकीत पट्टी, आणि सोबत नको असलेलं टॉनिक. तिथे जरूर भांडावं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागावं.

आपल्या काही मैत्रिणींचा आक्षेप असतो की हे सगळं परदेशी, आपल्या मातीतलं नाही. त्यांच्यासाठी एक गोष्ट. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्याकडच्या सर्पगंधेचं मूळ प्रेशरच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९४९ मध्ये ते निष्कर्ष ब्रिटनमधल्या हृदयविकारांच्या नियतकालिकात छापले. जगाचं लक्ष या झाडाकडे वळलं ते त्यानंतर. १९५२ मध्ये त्यातलं रिसर्पिन स्वित्झर्लंडमध्ये वेगळं काढलं गेलं, आणि १९६७ च्या त्या चाचणीतल्या तीन औषधांपैकी एक हे रिसर्पिनच होतं. मात्र मातीतलं म्हणून ते निर्धोक नव्हतं. जास्त मात्रेत माणसं उदास होत. १९७४ मध्ये त्यानं स्तनाचा कर्करोग होतो अशी भीतीही निघाली, पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही. आज ते फारसं वापरात नाही. देशी-परदेशी यापेक्षा तपासलेलं की न तपासलेलं, हा भेद मला जास्त कामाचा वाटतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण बायका गोळ्या सोडतात त्या बऱ्याचदा इथे. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते, त्यामुळे दाब उतरतो. पण घोट्याला सूज येऊ शकते, आणि ती बायकांना पुरुषांपेक्षा जास्त येते. एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, तोही बायकांना जास्त. लघवीच्या गोळीनं म्हाताऱ्या बायकांच्या रक्तातलं सोडियम उतरून गरगरू शकतं. हे कुणी आधी सांगत नाही. मग पाय सुजले की बाई म्हणते, गोळीनं किडनी बिघडली, आणि गुपचूप सोडून देते. खरं तर सूज आली तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. खोकला आला तर त्याच कामाची, पण खोकला न आणणारी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन देता येते. हे सांगणं डॉक्टरचं काम आहे आणि विचारणं आपला हक्क आहे. अ‍ॅटेनोलॉलसारखी काही औषधं अचानक थांबवणंही धोक्याचं असतं, म्हणून बदल करायचा तो विचारून.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या जातीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते. मूल हवं असेल किंवा राहण्याची शक्यता असेल तर हे डॉक्टरला आधी सांगायचं, म्हणजे तो दुसरी गोळी देतो. आणि ज्या बाईचं प्रेशर वाढलेलं आहे तिनं इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनच्या गोळ्यांनीही प्रेशर वाढतं आणि प्रेशरच्या औषधाचा परिणाम कमी होतो. दिवसभर वाकून फरशी पुसणाऱ्या किती जणींच्या पिशवीत ही पट्टी असते ते आपल्याला माहीत आहे. हे मला चार वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. मैत्रिणीच्या पिशवीतही ती होती.

चौथा प्रश्न, थांबवणं तिच्या हातात आहे का? आहे. दंडात टोचलेल्या, तीन महिने न निघणाऱ्या इंजेक्शनसारखी ही गोळी नाही, रोज ती स्वतःच्या हातानं घ्यायची असते. ‘एकदा लागली की सुटत नाही’ हे खरं, पण सुटत नाही ते प्रेशर. चष्मा काढला की दिसेनासं होतं, म्हणून चष्म्याचं व्यसन लागलं असं आपण म्हणत नाही. वजन उतरलं, मीठ खरोखर कमी झालं, मिश्री सुटली, तर काहींच्या गोळ्या कमी होतात, क्वचित थांबतातही; मोजत राहून, डॉक्टरला विचारून. मिश्रीचा वेगळा उल्लेख केला, कारण ‘मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते’ असं म्हणणाऱ्या बायकांचं शरीर तो फरक ओळखत नाही. आणि उपवासाचं सैंधव हेही मीठच आहे.

इतकं सगळं पटलं तरी बाई रोज गोळी घेईल का? इथे आपलं खरं काम आहे. एका बैठकीत प्रेशर असलेल्या बायकांना मी विचारलं, शेवटची गोळी कधी चुकली आणि का. एकीनं सांगितलं, चतुर्थी होती, उपाशीपोटी गोळी कशी घेणार? (ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन उपाशीपोटी चालतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.) दुसरी म्हणाली, नवऱ्याच्या संपल्या म्हणून माझ्यातल्या त्याला दिल्या, त्याला कामावर जायचं असतं. जणू ती कामावर जातच नाही! तिसरी भाजी विकते. तिला लघवीची गोळी दिली आहे. बाजारात बायकांसाठी मुतारी नाही, म्हणून जिथे बसायचं त्या दिवशी ती गोळी घेत नाही, आणि पाणीही पीत नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालली तेव्हा आपण ती प्रतिष्ठेचा आणि सोयीचा प्रश्न म्हणून मांडली. तो बाईच्या हृदयाचाही प्रश्न आहे, हे त्या भाजीवाल्या बाईनं मला शिकवलं. या गोळीनं लघवी जास्त होते ती मुख्यतः सुरुवातीच्या काही आठवड्यांत. पण बाजारात मुतारी नाही हे त्यानं बदलत नाही.

चौथीचं कारण सगळ्यांना पाठ आहे. रांगेत अर्धा दिवस, अर्ध्या दिवसाचा खाडा, आणि हातावर पंधरा दिवसांच्या गोळ्या. पाचवीला डॉक्टर म्हणाले होते, “टेन्शन घेऊ नका.” तिनं ते औषध समजून घेतलं आणि गोळ्या बाजूला ठेवल्या. यात आपलीही चूक आहे. घरातला ताण, मार, दुहेरी कामाचं ओझं याबद्दल आपण बोलत आलो, बोलत राहू. पण ‘बाईचं प्रेशर हे पुरुषसत्तेनं वाढवलेलं आहे’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो तेव्हा पुरुषसत्ता जाईपर्यंत तिच्या रक्तवाहिन्यांनी काय करायचं, हे सांगत नाही.

बाईचं प्रेशर आस्थेनं मोजलं जातं ते फक्त नऊ महिने. तेही आवश्यकच आहे. नागपूरच्या दोन सरकारी इस्पितळांत गरोदरपणी प्रेशर धोकादायक वाढलेल्या ८९४ बायकांवर तीन साध्या, तोंडानं घ्यायच्या औषधांची तुलना झाली. २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथिलडोपा या तिन्हींनी बहुतेक बायकांचं प्रेशर सहा तासांत आटोक्यात आलं. शिरेतून द्यायच्या औषधाची सोय नसलेल्या जागी ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण बाळंतीण घरी गेली की पट्टा गुंडाळून ठेवला जातो. गरोदरपणी ज्यांना प्रेशर वाढून सूज-झटक्यांचा आजार होतो, त्यांना पुढल्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतर बायकांच्या सुमारे दुप्पट असतो. हे त्यांना डिस्चार्ज कार्डावर लिहून का दिलं जात नाही? मूल सुखरूप बाहेर आलं की व्यवस्थेचा बाईतला रस संपतो, हेच त्याचं उत्तर. आमच्या मैत्रिणीला दुसऱ्या बाळंतपणात हेच झालं होतं. तिच्या सासूला ते आठवतं, कुठल्याही कागदावर नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २०१९ ते २०२१ या काळात पंधरा वर्षांवरच्या दर १०० भारतीय स्त्रियांत सुमारे २१ जणींचं प्रेशर वाढलेलं होतं किंवा त्यासाठी त्या गोळ्या घेत होत्या. म्हणजे आपल्या कुठल्याही बैठकीत सतरंजीवर बसलेल्या दर पाच जणींत एक. हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम देशात २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. आपल्याकडे तो आधी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत आला. ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, न आलेल्याला निरोप, घराजवळच्या केंद्रात पुढच्या गोळ्या, असं त्याचं साधं स्वरूप. कल्पना चांगली आहे. म्हणूनच ती कागदावर न राहता आपल्या उपकेंद्रात उतरली आहे का, हे पाहणं आपलं काम. निदान महिन्याच्या गोळ्या एका वेळी मिळाल्या पाहिजेत. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर जाता येईल अशी वेळ पाहिजे. जाड दंडाच्या बाईसाठी मोठा पट्टा पाहिजे, नाहीतर लहान पट्ट्यावर माप खोटं चढतं. आणि आशाताईंना या वाढीव कामाचे पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत. त्यांचं स्वतःचं प्रेशर कोण मोजतं, हेही एकदा विचारावं.

आपल्या ऑफिससाठी वर्गणी काढून आपण प्रेशर मोजायचं एक यंत्र घेतलं आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बैठकीआधी तासभर ते टेबलावर असतं. पहिल्या मंगळवारी आपली मैत्रीण लेकीच्या खांद्यावर हात टाकून जिना चढून आली. यंत्राचा पट्टा माझ्या दंडाला तिनंच डाव्या हातानं गुंडाळला. १६४ वर ९८ आलं. पाच मिनिटं बसून पुन्हा घेतलं, १६०. इतक्या वर्षांत मी ते एकदाही मोजून घेतलं नव्हतं. आता रोज सकाळी ॲम्लोडिपिनची एक गोळी घेते. घोट्याला थोडी सूज आहे, या आठवड्यात दाखवायला जाणार आहे.

तुमच्या गावात, वस्तीत सरकारी दवाखान्यात प्रेशरच्या कुठल्या गोळ्या मिळतात, एका वेळी किती दिवसांच्या देतात, गेल्या सहा महिन्यांत त्या किती वेळा संपल्या होत्या, हे पोस्टकार्डावर लिहून कळवा. गोळी सोडली असेल तर का सोडली तेही कळवा, नाव छापणार नाही. पुढच्या अंकात ही पत्रं एकत्र छापू आणि तोच अंक घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ. मंगळवारी येताना आपापले केसपेपर बरोबर आणा, आणि घरात बाळंतपणाचं जुनं कार्ड सापडलं तर तेही.